झगा, लुगडे आणि श्रद्धा



ज्युबिलीची पर्वणी जवळ आली की घरोघरी नव्या कपड्यांची बोलणी सुरू होतात. मिस्साला झगा शोभेल की लुगडे, हाही प्रश्न निघतो. ह्या साध्या प्रश्नामागे आमच्या किनाऱ्याचा पाचशे वर्षांचा इतिहास उभा आहे.

इ. स. १५२१ मध्ये पोर्तुगीजांनी चौल येथे ठाणे बांधण्यास आरंभ केला; रेवदंड्याचा कोट ही त्याचीच खूण होय. त्यांच्यासमवेत युरोपीय पोशाख येथे आला. परंतु चौल हे रेशमी वस्त्रांसाठी आधीच नावाजलेले बंदर होते, आणि येथील उष्म्याने पाहुण्यांसही नमविले. १५८३ ते १५८८ ह्या काळात गोव्यात राहिलेला डच प्रवासी लिन्शोटन लिहितो की, तेथील पोर्तुगीज स्त्रिया घरी तलम ‘बाजू’ घालून खाली रंगीत कापड गुंडाळीत. उलटपक्षी काज, फीत व इस्त्री हे आमचे नित्याचे शब्द पोर्तुगीजांकडून आले. देवघेव अशी दोन्ही बाजूंनी झाली.

खेदाची गोष्ट ही की, पुढे वस्त्र हेच श्रद्धेचे माप ठरले. १७३६ मध्ये गोव्याच्या इन्क्विझिशनने ख्रिस्ती पुरुषांस धोतर व स्त्रियांस चोळी वर्ज्य केली. ही आज्ञा धर्मसंस्थेच्याच हातून निघाली, हे लपविणे आम्हां धर्मगुरूंस शोभणार नाही. वास्तविक १६०६ साली मदुरेस पोहोचलेल्या येशूसंघीय फादर दे नोबिली ह्यांनी संन्याशाची वस्त्रे स्वीकारली होती. १६२३ साली पोप पंधरावे ग्रेगरी ह्यांनी तेथील नवख्रिस्ती जनांस जानवे, शेंडी व गंध ठेवण्यास अनुमती दिली. आणि १६५९ साली रोमच्या धर्मप्रसार मंडळाने बजावले होते की, श्रद्धेस व नीतीस बाधा न आणणारे रीतिरिवाज लोकांस सोडावयास लावू नका.

१७४० च्या तहान्वये चौल मराठ्यांकडे आले. अधिकाऱ्यांचा थाट त्यांच्यासमवेत गेला. कोर्लईच्या गरीब ख्रिस्ती जनांची प्रार्थना मात्र राहिली. वसई-मुंबईकडील आमच्या भगिनींनी तर लुगडे नेसूनच श्रद्धा जतन केली.

म्हणून झगा घातलेल्या मुलीस कोणी परकी म्हणू नये, व लुगडे नेसलेल्या आजीस मागासलेली म्हणू नये. बाप्तिस्म्याच्या वेळी आम्हां सर्वांस एकच शुभ्र वस्त्र लाभले. ते निष्कलंक राखण्याची कृपा प्रभू आपणां सर्वांस देवो.