एकच गणित, अर्थ अनेक

हदगावहून कळमनुरीमार्गे औंढा नागनाथकडे निघालो, की आपण हिंगोली जिल्ह्यात शिरतो. तिथे औंढ्याजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारली जात आहे. एप्रिल 2023 मध्ये केंद्र सरकारने तिला मंजुरी दिली. आकाशातून येणाऱ्या लहरी टिपणाऱ्या या यंत्राचा अणूंच्या जगाशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो जवळजवळ शंभर वर्षांच्या एका वादाशी आहे.

पुंजयामिकी, म्हणजेच क्वांटम मेकॅनिक्स, इलेक्ट्रॉन कुठे सापडण्याची शक्यता किती, हे सांगते. पण मोजण्यापूर्वी तो कुठे होता? 1927 साली ब्रुसेल्सच्या सॉल्व्हे परिषदेत बोर आणि आइन्स्टाईन यांचा यावर वाद झाला. बोर म्हणत, मोजमापाला सोडून या प्रश्नाला अर्थ नाही. उपकरणाचे वर्णन मात्र नेहमीच्या, अभिजात भाषेतच केले पाहिजे. आइन्स्टाईन यांना हे चित्र अपुरे वाटे. 1952 साली डेव्हिड बोम यांनी दाखवले, की कणाला सदैव निश्चित स्थान असते व एक लहर त्याला वाट दाखवते, असे मानले तरी तीच उत्तरे येतात. 1957 साली ह्यू एव्हरेट यांनी मांडले, की मोजताना कोणतीच शक्यता नाहीशी होत नाही. साऱ्याच वेगवेगळ्या शाखांत खऱ्या असतात. बोम यांच्या वाटेने जात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एस. एम. रॉय व वीरेंद्र सिंग यांनी 1995 मध्ये स्थान आणि संवेग यांना समान वागणूक देणारी मांडणी केली.

उत्तरे सारखीच, तर प्रयोगाने निवाडा कसा व्हावा? 1986 साली गिरार्डी, रिमिनी व वेबर यांनी मूळ समीकरणच किंचित बदलले. त्यांच्या मते लहर आपोआप कोसळते. एकट्या कणात क्वचित, मोठ्या वस्तूत चटकन. अशा कोसळण्याने वस्तूला अतिसूक्ष्म धक्के बसायला हवेत. ते शोधता येतात! लायगोच्या आरशांवरून 2016 मध्ये या धक्क्यांवर मर्यादा घालण्यात आली. ते अजून सापडलेले नाहीत.

वर्गात आपण सहज सांगतो, की लहान वस्तू पुंज नियमांनी चालतात आणि मोठ्या न्यूटनच्या. पण 2020 साली अमेरिकेतील लायगोत प्रकाशाच्या पुंज चढउतारांनी 40 किलोचे आरसे हलतात, हे मोजले गेले. हालचाल होती हायड्रोजन अणूच्या व्यासाच्या सुमारे हजार कोटीव्या भागाएवढी. यामुळे बोर खोटे ठरत नाहीत. आपले सोपे वाक्य मात्र टिकत नाही.

तेव्हा बारावीच्या वर्गात फळ्यावर दोन रकाने करावेत असे आम्हाला वाटते. एकात सर्वांना मान्य असलेले गणित आणि प्रयोग, दुसऱ्यात त्यांचे अर्थ. दुसऱ्या रकान्यापुढे प्रश्नचिन्ह राहू द्यावे. औंढ्याचे यंत्र सुरू होईल, तेव्हा ते प्रश्नचिन्ह पाहिलेला एखादा विद्यार्थी तिथे काम करत असेल.