सक्ती कुणावर?



शेवटच्या वेचणीचा कापूस घरात येतो, तूर निघते, आणि मग गावोगावच्या बचत गटाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो, "शाळेचे फॉर्म निघाले का?" कुणाला जिल्हा परिषदेच्या शाळेत लेकराचं नाव घालायचं असतं. कुणाला तालुक्याच्या गावी खासगी शाळेत पंचवीस टक्क्यांतली जागा हवी असते. अर्ज कोणताही असो, बोलण्याचा सूर एकच असतो. "साहेबांना विनंती करून पाहू." "मिळाली जागा तर नशीब."

आज आम्ही या सुराबद्दलच बोलणार आहोत. लेकराला शाळेत जागा मिळणं ही कुणाची मेहेरबानी आहे, की कुणाचं तरी बांधलेलं काम आहे? याचं उत्तर 'सक्तीचं शिक्षण' या जुन्या शब्दात आहे. सक्ती म्हटलं की ती कुणावर तरी असते. ती आधी कुणावर होती आणि आज कुणावर आहे, एवढं समजलं की अर्ज करताना मान खाली घालायची गरज उरत नाही.

गोष्ट सुरू होते महात्मा फुल्यांपासून. १८४८ साली त्यांनी आणि सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींसाठी शाळा काढली, हे आपल्याला ठाऊक आहे. पण १८८२ सालची गोष्ट फारशी सांगितली जात नाही. इंग्रज सरकारने शिक्षणाची पाहणी करायला हंटर आयोग नेमला होता. जोतिरावांनी त्या आयोगाला लेखी निवेदन दिलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. सरकारची तिजोरी शेतकऱ्याच्या शेतसाऱ्यावर भरते, आणि शिक्षणावरचा पैसा मात्र वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर जातो. म्हणून निदान बारा वर्षांपर्यंतच्या मुलांचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. म्हणजे शेतात राबणाऱ्याने सरकारकडे हिशोब मागितला. सरकारने तो दिला नाही.

त्यानंतर पहिलं पाऊल पडलं ते संस्थानांत. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली आपल्या राज्यातल्या अमरेली भागात सक्तीचं मोफत शिक्षण सुरू केलं, आणि १९०६ साली ते सगळ्या राज्याला लागू केलं. मग गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली असाच कायदा इंग्रजांच्या मध्यवर्ती कायदेमंडळात मांडला. त्यात सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांचा विचार आधी होता, मुलींचा नंतर. तोसुद्धा १९१२ साली पडला. बाजूने १३ मतं, विरोधात ३८.

कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मात्र १९१७ साली आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. जे आईबाप मुलाला शाळेत पाठवणार नाहीत त्यांना महिन्याला एक रुपया दंड, असा नियम केला. त्या काळी एक रुपया म्हणजे मजुराच्या कित्येक दिवसांची कमाई. महाराजांचा हेतू चांगलाच होता. शतकानुशतकं शाळेबाहेर ठेवलेल्या घरांतली मुलं आत यावीत, म्हणून त्यांनी आधी शाळा काढल्या, वसतिगृहं काढली, आणि मग दंड ठेवला. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. इथे सक्ती होती ती आईबापावर. लेकरू शाळेत गेलं नाही तर जाब आईबापाला.

आता आपल्या भागाकडे येऊ. आपला वऱ्हाड १९०३ पासून मध्य प्रांताला जोडलेला होता. मध्य प्रांताने १९२० साली प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. त्याआधी दोन वर्षं, म्हणजे १९१८ साली, विठ्ठलभाई पटेलांच्या खटपटीने मुंबई प्रांतातही नगरपालिकांपुरता असा कायदा झाला होता. या कायद्यांची चाल सारखीच होती. सक्ती करायची की नाही, ते स्थानिक संस्थेने ठरवायचं. तिला वाटलं तर करावी, पैसा नसेल तर राहू द्यावी. 'करावंच लागेल' असं कुठे नव्हतं. गावात शाळाच नसेल तर आईने दाद कुणाकडे मागायची, याला उत्तर नव्हतं.

स्वातंत्र्य आलं. १९५० साली संविधान लागू झालं. त्यातल्या ४५व्या कलमात लिहिलं की, चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना दहा वर्षांच्या आत मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याचा राज्य प्रयत्न करील. १९६० साल आलं आणि गेलं. 'प्रयत्न करील' या शब्दांवर कुणाला कोर्टात जाता येत नव्हतं.

मात्र याच सुमाराला एक मोठी गोष्ट घडली, आणि तिचा धागा आपल्या जिल्ह्याशी आहे. गावचा कारभार गावाजवळ आणायचा म्हणून राज्य सरकारने १९६० साली एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक, पुढे जे मुख्यमंत्री झाले. या समितीच्या शिफारशीवरून १९६१ साली कायदा झाला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या. गावातली प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेकडे आली. आजही शाळेच्या भिंतीवर 'जिल्हा परिषद प्राथमिक शाळा' असं लिहिलेलं असतं, ते यामुळे. शाळेची मालकीण कोण, हे तेव्हा ठरलं. पण लेकराचा हक्क अजून कागदावर यायचा होता.

तो यायला आणखी तीस-चाळीस वर्षं लागली. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने उन्नीकृष्णन खटल्यात सांगितलं की चौदा वर्षांपर्यंतचं शिक्षण हा मूलभूत हक्क आहे. २००२ साली संविधानात दुरुस्ती होऊन '२१ क' हे कलम आलं. २००९ साली बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा झाला, आणि तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांचं प्रत्येक मूल त्यात येतं.

आणि इथे आपला शब्द उलटा फिरला. या कायद्याच्या आठव्या कलमात 'सक्तीचं शिक्षण' म्हणजे काय ते सांगितलं आहे. सक्ती म्हणजे प्रत्येक मुलाला प्रवेश देणं, त्याची हजेरी राहील हे पाहणं आणि त्याचं आठवीपर्यंतचं शिक्षण पूर्ण करून घेणं, आणि हे बंधन सरकारवर आहे. नवव्या कलमात तेच बंधन स्थानिक प्राधिकरणावर टाकलं आहे, म्हणजे आपल्याकडे जिल्हा परिषद, शहरात नगरपरिषद. लेकराला शाळेत घालण्याचं कर्तव्य आईबापाचंही आहेच, पण त्यासाठी दंड ठेवलेला नाही. १९१७ साली जाब आईबापाला होता. आज आधी जाब सरकारला आहे.

हे नुसतं शोभेचं वाक्य नाही. त्याचे धागे पुढच्या कलमांत आहेत, आणि ते पाठ असावेत असे आहेत. जन्माचा दाखला नाही म्हणून कोणतीही शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. नर्सबाईच्या रजिस्टरमधली नोंद, अंगणवाडीतली नोंद, तीही नसेल तर आईबापाचं लेखी निवेदन वयासाठी चालतं. शाळा सुरू होऊन महिना झाला तरी प्रवेश नाकारता येत नाही. प्रवेशासाठी मुलाची परीक्षा किंवा आईबापाची मुलाखत घेता येत नाही, देणगी मागता येत नाही. शाळा बदलायची असेल आणि टीसी यायला उशीर झाला, तरी नव्या शाळेने थांबवायचं नाही. ऊसतोडीला, वीटभट्टीला जाणाऱ्या घरांतल्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहणं हेही स्थानिक प्राधिकरणाचं काम म्हणून लिहिलेलं आहे. तांड्यावरच्या, पोडावरच्या कितीतरी आयांना ही एक ओळ ठाऊक असायला हवी.

आता पंचवीस टक्क्यांकडे येऊ. या कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांनाही बांधलं. प्रवेशाच्या पहिल्या वर्गात पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना मोफत द्यायच्या, आणि त्याचा ठरलेला खर्च सरकारने शाळेला द्यायचा. शाळा कोर्टात गेल्या. १२ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायदा कायम ठेवला. विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना तेवढी सूट मिळाली.

यात एका किलोमीटरची गोष्ट आहे, ती नीट ऐका. आपल्या राज्याने २०११ साली नियम केले. पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी, सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत. हे अंतर लहान पायांचा विचार करून ठरलं होतं. पण ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य सरकारने नियम बदलला. खासगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर त्या खासगी शाळेला पंचवीस टक्के जागा देण्यातून सूट. गावाशहरात जवळपास सगळीकडे एक किलोमीटरात जिल्हा परिषदेची, नगरपरिषदेची नाहीतर अनुदानित शाळा असतेच. म्हणजे बहुतेक खासगी शाळा सुटल्या. जो किलोमीटर लेकरासाठी आखला होता, तोच लेकराच्या आड आला. त्या वेळी राज्यभरातून अर्ज एक लाखही आले नाहीत.

आईबाप आणि संघटना उच्च न्यायालयात गेल्या. ६ मे २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या बदलाला स्थगिती दिली, आणि १९ जुलै २०२४ रोजी तो रद्दच केला. मूळ कायदा संसदेचा आहे, राज्याच्या नियमाने तो कापता येत नाही, हे त्यामागचं कारण. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल बदलायला नकार दिला. पंचवीस टक्के पुन्हा सुरू झाले आणि अर्ज दोन लाखांच्या वर गेले. मेहेरबानी काढून घेतली असती तर हात चोळत बसावं लागलं असतं. हक्क होता म्हणून तो परत मागता आला.

पण खरं ते सगळं सांगायला हवं. राज्यात या जागा एक लाखाच्या आसपास आहेत आणि अर्ज त्याहून कितीतरी जास्त. म्हणून सोडत निघते, आणि सोडतीत नाव न लागलेली घरं नेहमीच जास्त असतात. आपल्या सोळा तालुक्यांत खासगी शाळा बहुतेक यवतमाळ, वणी, पुसद, दारव्हा अशा मोठ्या गावांत आहेत. प्रवेशात जवळच्याला आधी जागा मिळते, मग खेड्यातल्या लेकराची पाळी येते. आणि सोडतीत नाव लागलं, तरी रोजच्या गाडीचं भाडं, पुस्तकं आणि गणवेश यांवरून वाद होताना दिसतात. म्हणून पंचवीस टक्क्यांचा अर्ज जरूर भरा, पण गावच्या शाळेचं दार विसरू नका. त्या दाराला सोडत नाही. ती जागा प्रत्येक मुलाची आहे, आणि ती शाळा चांगली चालवणं हेही त्याच कायद्याने सरकारवर घातलेलं बंधन आहे.

तिथे आपल्याला बसायला खुर्चीही दिलेली आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असले पाहिजेत आणि निम्म्या बाया असल्या पाहिजेत. पुष्कळ गावांत ही नावं फक्त सहीपुरती असतात. सही आपली असेल तर बोलणंही आपलंच असायला हवं.

मग यंदा फॉर्म निघतील तेव्हा काय करायचं? कागद आधीपासून जमवा. राहण्याचा पुरावा, जन्माचा दाखला, जातीचा दाखला, आणि खुल्या गटात असाल तर एक लाखाच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला. पती वारले असतील किंवा घटस्फोट झाला असेल, तर आईला स्वतःच्या पत्त्यावर अर्ज करता येतो. मृत्यूचा दाखला किंवा कोर्टाचा निकाल जोडावा लागतो. आपल्या जिल्ह्यात किती घरं एकट्या बाईच्या खांद्यावर उभी आहेत, ते आम्ही वेगळं सांगायला नको. फॉर्म भरताना नकाशावर घराची खूण बरोबर आपल्याच घरावर लागली का, हे स्वतः पाहा. सेवा केंद्रातल्या मुलाला घाई असते, पण चुकीच्या खुणेने प्रवेश रद्द होतो. अर्जाला सरकारी फी नाही.

आणि कुणी "जागा नाही" म्हटलं, तर तोंडी ऐकून घरी येऊ नका. गटाच्या चारजणी मिळून पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तक्रारीचा निकाल तीन महिन्यांत द्यावा, असं बत्तिसावं कलम सांगतं. तिथे समाधान झालं नाही, तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे दाद मागता येते.

अर्जाच्या तळाशी 'आपली नम्र' असं लिहायची रीत आहे, ते लिहायला हरकत नाही. पण वरचा मजकूर लिहिताना 'कृपा करून जागा द्यावी' असं न लिहिता, 'कायद्याप्रमाणे माझ्या मुलीला प्रवेश द्यावा' असं लिहा. जोतिरावांनी १८८२ साली हिशोब मागितला होता. तो द्यायची सक्ती आता सरकारवर आहे.