कलावंताचें घर

गांवांत पाहुणा आला म्हणजे आपण त्यास देऊळ दाखवितों, तलाव दाखवितों, किल्ला असल्यास त्याचा उरलेला बुरूज दाखवितों. गांवानें एखादा नामांकित शिल्पकार दिला असेल, तर चौकांतील त्याच्या हातचा पुतळाहि मोठ्या अभिमानानें दाखवितों. परंतु तो पुतळा ज्या खोलींत प्रथम मातीचा होता, ज्या अंगणांत त्याचा सांचा निघाला, जेथें उभें राहून शिल्पकारानें आपलेंच काम पुन्हा पुन्हा मोडलें, ती जागा दाखविण्याची रीत आपल्याकडे फारशी पडलेली नाहीं. संतांची समाधि आणि वीरांचें जन्मस्थान आपण जपतों. कलावंताचें घर मात्र त्याच्या मागें राहिलेल्या भावाबंदांची वांटणीची बाब ठरतें.

पश्चिमेकडील देशांत ही रीत जुनी आहे, आणि तिचा उपयोग केवळ भक्तिभावापुरता नाहीं. अ‍ॅम्स्टरडॅम येथें रेम्ब्रांटनें 1639 सालीं एक मोठें घर घेतलें. त्याचें कर्ज त्याला झेपलें नाहीं आणि 1656 सालीं त्याचें दिवाळें निघालें. त्या प्रसंगीं सरकारी कारकुनांनीं घरांतील चीजवस्तूंची खोलीवार यादी केली. आज संग्रहालय म्हणून उघडें असलेलें तें घर मुख्यतः त्या यादीच्या आधारेंच पुन्हा सजविलेलें आहे. सावकारांसाठीं केलेली नोंद अशा रीतीनें कलेच्या इतिहासाच्या उपयोगी पडली. अमेरिकेंत लिंकनचा विख्यात बसलेला पुतळा घडविणारा डॅनियल चेस्टर फ्रेंच याची चेस्टरवुड येथील कर्मशाळाहि जपून ठेविलेली आहे. तेथें जमिनीवर लोखंडी रूळ आहेत. मोठा पुतळा त्यांवरून ढकलून दाराबाहेर न्यावयाचा आणि उघड्या आकाशाखालीं त्यावर छाया कशी पडते तें पाहावयाचें, अशी ती योजना. हे रूळ पाहिल्यावर जें कळतें तें शंभर छायाचित्रें पाहूनहि कळणार नाहीं. अशीं घरें आणि कर्मशाळा एका सूत्रांत गुंफणारी एक योजनाहि त्या देशांत 1999 पासून चालू आहे.

आतां प्रश्न असा कीं, आपल्या ठाणें-कल्याण-डोंबिवलीच्या टापूंत अशी फेरी काढावयाची तर दाखविण्यासारखें कांहीं आहे काय? मुंबईस कामाला जाणाऱ्यांचीं झोपण्याचीं गांवें, असा या टापूचा लौकिक झाला आहे. तो अर्धाच खरा आहे. 16 एप्रिल 1853 रोजीं मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी आली आणि 1854 सालीं ती कल्याणापर्यंत पोंचली. त्यानंतर तीन वर्षांनीं, 1857 सालीं, मुंबईंत सर जमशेटजी जीजीभाई यांच्या नांवाची कलाशाळा निघाली. या दोन घटनांचा संबंध लक्षांत घेण्यासारखा आहे. गाडीमुळें घर कल्याणास ठेवून शिक्षण मुंबईस घेणें शक्य झालें. ज्या गाडीनें कारकून गेले, त्याच गाडीनें हातांत कागदाची गुंडाळी घेतलेला कलाशाळेचा विद्यार्थीहि गेला.

फेरी काढावयाची तर ती कालक्रमानें काढावी. म्हणजे आरंभ अंबरनाथास करावा. वालधुनी नदीच्या कांठचें तेथील शिवमंदिर शिलाहारांच्या काळचें असून त्यावरील लेखांत शके 982, म्हणजे इसवी सन 1060, असा काळ आणि माम्वाणि राजाचें नांव आहे. ठाण्याच्या किल्ल्यांत 1787 सालीं खोदकाम करतांना सांपडलेला शके 939 चा ताम्रपटहि याच घराण्यांतील अरिकेसरीचा. राजे अशा रीतीनें आपणांस नांवानिशीं ठाऊक आहेत. ज्यांनीं अंबरनाथच्या भिंतींवर देवदेवता, हत्ती आणि नर्तकी कोरल्या, त्यांचीं घरें मात्र मातीस मिळालीं. म्हणून या फेरींतील पहिलें घर हें न दिसणारें घर आहे, आणि वाटाड्यानें तें तसेंच दाखवावें. दगड फोडणारे, रेषा आंखणारे, कोरणारे आणि तासून गुळगुळीत करणारे असे अनेक हात येथें वर्षानुवर्षें राबले असले पाहिजेत. त्यांच्या झोंपड्या याच नदीच्या कांठीं असणार, एवढें देवळाच्या आकारावरूनच उघड होतें.

याच देवळाशीं कलाशाळेचाहि संबंध आला. 1868 सालीं शाळेचे प्रमुख टेरी यांच्या हाताखालीं एक मंडळी तेथें गेली आणि तिनें मंदिराचीं रेखाटनें केलीं, कोरीव कामाचे सांचे घेतले. ग्रीक-रोमन नमुन्यांवर हात बसविणाऱ्या शाळेला आपल्या उंबरठ्याजवळील शिल्प न्याहाळण्याची ही संधि होती. जुन्या अनामिक शिल्पींचा आणि नव्या पदवीधर शिल्पकारांचा सांधा इतक्या स्पष्टपणें जुळलेला दुसरा ठिकाणा या भागांत सांपडणें कठीण.

तेथून कल्याणास यावें. कल्याणच्या जुन्या पेठांत पाहण्याची वस्तु म्हणजे गणपतीचा कारखाना. कोंकणपट्टींतील कित्येक मुलांची कलेशीं पहिली ओळख अशाच कारखान्यांत झालेली आहे. शाडूची माती मळणें, ती सांच्यांत दाबणें, सांधा पुसणें, आणि सर्वांत शेवटीं डोळे रेखणें. ही चढती पायरी आहे आणि डोळ्यांपर्यंत पोंचण्यास पोरास अनेक पावसाळे लागतात. या धंद्याचें एक वैशिष्ट्य असें कीं, त्याचें सारें फळ दहा दिवसांत पाण्यांत जातें. मूर्तिकाराजवळ उरतात ते केवळ सांचे. तेच त्याचें दफ्तर, तोच त्याचा इतिहास. घर पाडतांना अडगळ म्हणून प्रथम बाहेर फेंकले जातात तेहि सांचेच.

कल्याणनें घडविलेले सर्वांत नामवंत शिल्पकार म्हणजे सदाशिव तथा भाऊसाहेब साठे. त्यांचा जन्म 1926 सालचा; 2021 सालीं ते वारले. मुंबईच्या कलाशाळेंतून शिकून बाहेर पडल्यावर थोड्याच वर्षांत दिल्लीच्या जुन्या भागांतील महात्मा गांधींच्या पुतळ्याचें काम त्यांजकडे आलें, आणि त्यांचें नांव देशभर झालें. मुंबईस गेटवेसमोर घोड्यावर बसलेले शिवाजीमहाराज आपण सर्वांनीं पाहिले आहेत. 1961 सालीं उभारलेला तो पुतळा साठ्यांचाच. परंतु तो पाहणाऱ्या हजारोंपैकीं किती जणांस शिल्पकाराचें नांव सांगतां येईल? पुतळ्याच्या चौथऱ्यावर ज्याचा पुतळा त्याचें नांव मोठें असावें हें योग्यच. पण घडविणाऱ्याचें नांव लोकांच्या तोंडीं अजिबात नसावें, हें आपल्या रसिकतेस शोभणारें नाहीं.

डोंबिवलीस पूर्वेकडे साठ्यांचें शिल्पालय आहे. फेरीचा हा मुख्य मुक्काम. येथें शिल्पांच्या दाटींतून हिंडतांना पाहणाऱ्यानें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. चौकांतील पुतळा आपण नेहमीं खालून, दुरून आणि एकाच बाजूनें पाहतों. शिल्पालयांत तेंच मुख आपल्या डोळ्यांच्या उंचीवर येतें, त्याभोंवतीं फिरतां येतें, आणि मग कपाळावरील एक आंठी किंवा ओंठांची मुरड शिल्पकारानें कोणत्या हेतूनें ठेविली हें उमजूं लागतें.

येथेंच वाटाड्यानें पुतळ्याचा जन्म कसा होतो हें समजावून द्यावें. कारण सुशिक्षित मंडळींतहि याविषयीं मोठें अज्ञान आढळतें. धातूचा पुतळा कोणी धातूंतून कोरीत नाहीं. आधीं तळहाताएवढा मातीचा नमुना होतो. तो पसंत पडल्यावर लोखंडी सळयांचा सांगाडा उभारून त्यावर ओल्या मातीचा पूर्ण आकाराचा पुतळा चढतो, आणि तो पुरा होईपर्यंत महिनेच्या महिने माती ओल्या फडक्यांनीं जिवंत ठेवावी लागते. मग प्लास्टरचा सांचा घेतात. त्या खटपटींत मातीचा मूळ पुतळा बहुधा नष्ट होतो. सांच्यांतून प्लास्टरची प्रत निघते, आणि तिच्यावरून ओतशाळेंत धातूचा रस ओततात. म्हणजे शिल्पकाराच्या बोटांचा स्पर्श ज्या मातीला झाला ती माती उरत नाहीं. त्या स्पर्शाची सर्वांत जवळची साक्ष प्लास्टरच्या प्रतींत असते, आणि ती प्रत कर्मशाळेंतच राहते. कर्मशाळा मोडली कीं ही साक्षहि गेली.

ठाण्याच्या खाडीपलीकडे, अलिबागजवळ, सासवणें येथें याचें एक उत्तम उदाहरण आहे. विनायकराव करमरकर यांचा जन्म तेथें 1891 सालीं झाला. गांवांतील देवळाच्या भिंतीवर त्यांनीं काढलेलें शिवाजीमहाराजांचें चित्र जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या दृष्टीस पडलें आणि त्या गृहस्थांच्या साह्यानें हा खेडवळ मुलगा मुंबईच्या कलाशाळेंत गेला. पुढें 1928 सालीं पुण्यास उभारलेला शिवाजीमहाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांनीं केला. त्याचें ओतकाम माझगांवच्या गोदींत झालें. 1967 सालीं ते वारले. त्यांच्या घरच्यांनीं सासवण्याचें घर व तेथील शिल्पें जपलीं आणि लोकांस पाहावयास खुलीं ठेविलीं. पुण्याचा पुतळा पाहून करमरकरांचें सामर्थ्य कळतें. सासवण्यास गेल्यावर त्यांचा जिव्हाळा कळतो. तेथें राजेमहाराजांबरोबर कोळीण आहे, म्हैस आहे, घरचीं माणसें आहेत. मागणीवरून केलेलें काम गांवोगांव गेलें आणि आवडीनें केलेलें काम घरीं राहिलें. घर नसतें तर करमरकरांचा उत्तमांश आपणांस दिसलाच नसता.

यावर कोणी म्हणेल कीं, कलावंताची ओळख त्याच्या कृतींत असते. त्याची खुर्ची आणि त्याचा चष्मा पाहून काय लाभ? हा आक्षेप अगदींच टाकाऊ नाहीं. नुसत्या वस्तूंची पूजा मांडली तर तीहि एक मूर्तिपूजाच होईल, आणि थोरपणाच्या गोष्टी ऐकून लोक रिकामेच परत जातील. परंतु हा दोष घराचा नसून दाखविणाऱ्याचा आहे. कर्मशाळेंतील प्रकाश कोणत्या बाजूनें येतो, मोठा पुतळा बाहेर काढण्यास दार किती उंच केलेलें आहे, हत्यारांची मूठ कोठें झिजली आहे, हे प्रश्न विचारले म्हणजे घर बोलूं लागतें. सांचा घेणारे, ओतकाम करणारे, सांगाडा बांधणारे यांचीं नांवेंहि तेथेंच विचारतां येतात. अंबरनाथच्या कारागिरांविषयीं जी चूक इतिहासानें केली, ती आपल्या काळच्या कारागिरांविषयीं आपण पुन्हा कां करावी?

वेळ मात्र थोडा आहे. ठाण्यापासून कल्याणापर्यंत जुने वाडे आणि चाळी पाडून उंच इमारती उठत आहेत. त्यांत राहणाऱ्यांस गळक्या छपरांतून सुटका हवी, आणि त्यांना दोष देणें अन्यायाचें होईल. प्लास्टर ही मोठी नाजूक वस्तु. कोंकणच्या चार महिन्यांच्या दमट हवेंत ती भुसभुशीत होते, आंतील सळई गंजून फुगते आणि पुतळ्याचा हात गळून पडतो. एका कुटुंबानें पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच्या खर्चानें हा ठेवा सांभाळावा ही अपेक्षा फार मोठी आहे. कल्याणच्या सार्वजनिक वाचनमंदिराची स्थापना 1864 ची आणि ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाची 1893 ची. ज्या मध्यमवर्गानें वर्गणी काढून पुस्तकें जपलीं, त्याला शिल्पें आणि सांचे जपणें अशक्य आहे असें मानण्याचें कारण नाहीं.

सगळीं घरें राखतां येणार नाहींत. पण घर पाडण्यापूर्वीं त्याचें मोजमाप घेणें, खोल्यांचीं छायाचित्रें काढणें, रेम्ब्रांटच्या घरीं कारकुनांनीं केली तशी वस्तूंची खोलीवार यादी करणें, आणि कर्मशाळेंत राबलेल्या वृद्ध कारागिरांच्या तोंडची हकीकत लिहून घेणें, एवढें कोणत्याहि गांवच्या चार-दोन शिक्षकांस आणि विद्यार्थ्यांस साधण्यासारखें आहे. त्यास फारसा पैसा लागत नाहीं. एक वही, एक फूटपट्टी आणि कांहीं रविवार लागतात. ज्या वाचकांच्या माळ्यावर आजोबांच्या हातचे सांचे धूळ खात पडले असतील, त्यांनीं या कामाचा आरंभ आपल्याच घरापासून करावा.