अंगणवाडीतलं अंगण

तत्त्वज्ञानाचा माणूस बालवाडीवर काय बोलणार, असं तुम्हाला वाटत असेल. पण प्लेटोनंसुद्धा राज्याच्या रक्षकांचं शिक्षण सुरू केलं ते लहानपणी सांगायच्या गोष्टींपासूनच. मी मात्र आज एका शब्दापासून सुरुवात करतो. अंगणवाडी.

२ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि हा शब्द सरकारी झाला, देशभर गेला. त्याची मुळं मात्र बोर्डीत आहेत. तेव्हाचा ठाणे जिल्हा, आताचा पालघर. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये तिथं आल्या, सोबत अनुताई वाघ. बालवाडी सुरू झाली, पण दलित वस्तीतली मुलं काही येईनात. आता बघा, दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, पालकांना शिक्षणाचं महत्त्वच कळत नाही. ताराबाईंनी शाळाच उचलून वस्तीत नेली, त्यांच्या अंगणात. मॉन्टेसरीची महागडी साधनं बाजूला ठेवून शंख-शिंपले, बिया, खडे घेतले. पुढं १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथं वारली मुलं गुरं राखायची, म्हणून कुरणशाळा काढली. थोरली मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन येते, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. मूल कुठं आहे, हा त्यांचा पहिला प्रश्न असायचा. अभ्यासक्रमाचा विचार त्यानंतर.

एवढ्या लहान वयात शिकवून पुढं टिकतं काय, असं लोक विचारतात. रास्त प्रश्न आहे. अमेरिकेत मिशिगनमधल्या यिप्सिलांटी गावात १९६२ पासून १२३ गरीब कृष्णवर्णीय मुलांचा अभ्यास झाला. ५८ मुलांना बालवाडी मिळाली, ६५ ना नाही. सुरुवातीला बुद्ध्यंक वाढला, पण काही वर्षांत तो फरक पुसला गेला. इथंच कुणी हिशोब मिटवला असता तर प्रयोग फसला असंच म्हटलं असतं! पण संशोधकांनी मुलांचा माग सोडला नाही. चाळिशीत पाहिलं तर बालवाडीतली मुलं जास्त शिकलेली होती, जास्त कमावत होती, त्यांना अटकही कमी वेळा झाली होती. म्हणजे टिकलं ते काहीतरी वेगळंच. धीर म्हणा, चारचौघांत वागणं म्हणा, हातातलं काम पुरं करणं म्हणा. आणि तिथल्या शिक्षिकाही दर आठवड्याला आईला भेटायला घरी जात. पुन्हा अंगणच आलं की!

आता आपल्या बीडकडे येऊ. दसरा-दिवाळीच्या सुमारास वडवणी, धारूर, केज, पाटोदा इथल्या वाड्या-तांड्यांवर काय होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, ते कारखान्याच्या भागात जातात, सांगली, कोल्हापूर, कर्नाटकातसुद्धा. शाळेत जाणारं मूल आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहू शकतं. साखरशाळाही मुख्यतः त्याच वयाच्या मुलांसाठी निघाल्या. तीन-चार वर्षांचं मूल मात्र आईबरोबरच जातं. पहाटे ती फडात, हे कोपीत, नाहीतर फडाच्या कडेला पाचटावर, एखादं तान्हं सांभाळत. गावात अंगणवाडी आहे, सेविका आहे, आणि अंगण तेवढं निम्मं वर्ष गावाबाहेर आहे.

माझ्या वर्गात अशा घरांतली मुलं असायची. हुशारी कमी नव्हती, उत्तरपत्रिका वाचताना मी थक्क व्हायचो. पण शंका विचारायला उठून उभं राहणं त्यातल्या कित्येकांना शेवटपर्यंत जड गेलं. मी तेव्हा त्याला स्वभाव समजत होतो.

अलीकडे पोषण ट्रॅकरवर बालकाची नोंद एका अंगणवाडीतून दुसरीकडे नेता येते. चांगली सोय आहे. पण नाव पोचलं म्हणजे मूल पोचलं असं नाही. कोप्या गावापासून लांब असतात, आई अंधारात निघते, आणि अंगणवाडी भरते तेव्हा मुलाला तिथवर नेणारं कुणी नसतं. तेव्हा कारखाना क्षेत्रातल्या सेविकेनं सकाळचे दोन-तीन तास कोप्यांवरच येऊन बसायचं, आणि त्या फेऱ्यांचा मोबदला तिला वेगळा द्यायचा, मग तो कारखान्यानं द्यावा की सरकारनं, हे एकदा बसून ठरवावं लागेल. गाळप सुरू व्हायच्या आधी.