अँटी-स्टॅटिक मॅट: साफसफाई, तपासणी आणि बदलण्याची योग्य वेळ

मोबाइल रिपेअरिंगचं दुकान असो, कॉलेजची प्रोजेक्ट लॅब असो किंवा घरातलं कॉम्प्युटर उघडायचं टेबल, निळी किंवा हिरवी मॅट आता बहुतेक ठिकाणी दिसते. ती एकदा अंथरली की पुढची पाच-सात वर्षं कोणी तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. वर फ्लक्सचे डाग, कडेला चहाच्या कपाची गोल खूण, अर्थिंगची वायर कधीच निघून खाली लोंबतेय. अशी मॅट टेबलाचा पृष्ठभाग झाकते, पण बोर्डाला वाचवत नाही. ती काम करते की नाही हे कसं ओळखायचं, तिची निगा कशी राखायची आणि ती कधी बदलायची, हे या लेखात पाहू.

मॅट नेमकं काय करते?

थंडीत स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, तो स्थिर विजेचा. माणसाला असा झटका जाणवायला साधारण ३००० व्होल्ट लागतात. पण काही आयसी आणि ट्रान्झिस्टर १०० व्होल्टच्या आसपास, किंवा त्याहूनही कमी व्होल्टेजला खराब होऊ शकतात. म्हणजे आपल्याला काहीच जाणवत नाही आणि समोरचा पार्ट गेलेला असतो. कधी तो लगेच मरत नाही, नुसता दुखावतो. फोन दुरुस्त होऊन गिऱ्हाइकाकडे जातो आणि काही आठवड्यांनी परत येतो. मग दोष पार्टच्या क्वालिटीला दिला जातो.

मॅटचं काम म्हणजे तिच्यावर ठेवलेल्या वस्तूवरचा चार्ज सावकाश जमिनीत सोडणं. यात ‘सावकाश’ हा शब्द महत्त्वाचा आहे. स्टीलच्या टेबलावर चार्ज झालेला बोर्ड ठेवला तर चार्ज एका झटक्यात निघून जातो, आणि तोच झटका आयसीला मारक ठरतो. लाकूड किंवा सनमायकावर तो नीट निघतच नाही. चांगली मॅट या दोन्हींच्या मधली असते. रबरी मॅट बहुधा दोन थरांची असते: वरचा रंगीत थर चार्ज हळूहळू वाहू देतो आणि खालचा काळा थर तो चटकन अर्थिंगच्या टिचबटणापर्यंत पोहोचवतो.

आधी मॅट खरी आहे का ते बघा

बाजारात तीन वेगवेगळ्या वस्तू ‘मॅट’ म्हणून मिळतात आणि त्यांची सर्रास गल्लत होते.

१. ईएसडी मॅट: हिला टिचबटण आणि अर्थिंगची वायर असते. पॅकवर किंवा माहितीपत्रकात रेझिस्टन्सचा आकडा दिलेला असतो.

२. सिलिकॉनची हीट मॅट: स्क्रू ठेवायला खाचा असलेली, मोबाइल रिपेअरिंगवाल्यांची आवडती मॅट. ती हॉट एअरची उष्णता सहन करते, पण साधं सिलिकॉन हे इन्सुलेटर आहे. टिचबटण नसेल आणि रेझिस्टन्सचा आकडाही नसेल, तर ती अँटी-स्टॅटिक समजू नका.

३. इलेक्ट्रिक पॅनेलसमोरची इन्सुलेटिंग मॅट: ही आयएस १५६५२ या भारतीय मानकाखाली येते आणि शॉकपासून माणसाला वाचवण्यासाठी असते. म्हणजे काम बरोबर उलटं. ही टेबलावर टाकून बोर्ड वाचणार नाहीत, आणि ईएसडी मॅटवर उभं राहून मेनच्या वायरिंगला हात लावणं जिवावर बेतू शकतं.

अर्थिंग नसेल तर मॅट निव्वळ रबर

मॅटवरचा चार्ज शेवटी तीन पिनच्या सॉकेटमधल्या वरच्या जाड पिनमार्गे जमिनीत जातो. जुन्या इमारतींत ही पिन दिसायला असते, पण तिच्यामागे वायरच नसते. टेस्टर लावला आणि तो पेटला नाही, म्हणजे अर्थिंग आहे असा बऱ्याच जणांचा समज असतो. तो चुकीचा आहे, कारण न जोडलेल्या पिनवरही टेस्टर पेटत नाही. वायरमनला बोलावून अर्थिंग एकदा नीट तपासून घ्या. अर्थिंगऐवजी न्यूट्रलला मॅट जोडण्याचा जुगाड कधीही करू नका. न्यूट्रल तुटला तर पूर्ण मॅटवर करंट येऊ शकतो.

एकाच टेबलावर दोन मॅट असतील तर प्रत्येकीची वायर स्वतंत्रपणे अर्थिंगच्या पॉइंटला न्या. पहिलीतून दुसरी अशी साखळी केली, तर पहिलीचं बटण सुटताच दुसरीही निकामी होते. मनगटी पट्टाही मॅटवर न अडकवता त्याच सामाईक पॉइंटला जोडा. पट्ट्याच्या वायरमध्ये १ मेगाओहमचा रेझिस्टर असतो. चुकून २३० व्होल्टला हात लागलाच तर पट्ट्याच्या वाटेने जाणारा करंट ०.२३ मिलिअँपिअरच्या आसपास राहावा, हे त्याचं काम. ‘रेझिस्टर कशाला’ म्हणून तो काढून साधी वायर लावू नका.

साफसफाई कशी करायची?

मॅट बिघडण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे तिच्यावर साचलेला थर: धूळ, फ्लक्स, हाताचं तेल, क्रीम. हा थर इन्सुलेटर असतो. खालची मॅट ठणठणीत असली तरी बोर्ड तिच्यापर्यंत पोहोचतच नाही.

• रोज काम सुरू करण्याआधी धूळ आणि सोल्डरचे कण झटकून घ्या, कोरड्या मऊ फडक्याने पुसा.
• आठवड्यातून एकदा, किंवा काम जास्त असेल तर त्याआधीच, ईएसडी मॅटसाठी मिळणाऱ्या सिलिकॉनविरहित क्लीनरने पुसा. तो नसेल तर कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब चालतील. नंतर साध्या पाण्याच्या फडक्याने साबण पूर्ण काढा.
• काच पुसायचा स्प्रे, फर्निचर पॉलिश, डॅशबोर्ड चमकवायचं लिक्विड वापरू नका. चमक येते ती मागे राहिलेल्या थराची, आणि तोच थर आपल्याला नको आहे.
• आयपीए फ्लक्सच्या डागापुरतं वापरा. रोज पूर्ण मॅट आयपीएने पुसली तर, विशेषतः व्हिनाइलची मॅट कोरडी पडून कडक होते.
• थिनर, पेट्रोल आणि तारेची घासणी पूर्ण वर्ज्य.
• पुसून झाल्यावर पूर्ण वाळू द्या. ओल्या मॅटचं रीडिंग खोटं चांगलं येतं.

पावसाळ्यात दमट हवेमुळेही रीडिंग कमी येतं. तीच मॅट हिवाळ्यात किंवा एसी खोलीत काठावर नापास होऊ शकते. म्हणून वर्षातून एकच तपासणी करायची असेल, तर ती कोरड्या दिवसांत करा.

तपासणी: आकडा किती हवा?

आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६१३४०-५-१ आणि अमेरिकेतलं एएनएसआय ईएसडी एस२०.२० या दोन्हींत टेबलाच्या पृष्ठभागापासून अर्थिंगपर्यंतचा रेझिस्टन्स १०० कोटी ओहम, म्हणजे १००० मेगाओहमपेक्षा कमी हवा असं धरलं आहे. खालची मर्यादा म्हणून साधारण १ मेगाओहम धरतात, कारण त्याखाली चार्ज फार वेगाने निघतो.

हे मोजायला साधा मल्टिमीटर पुरत नाही. नेहमीचे मल्टिमीटर काही दहा मेगाओहमपर्यंतच मोजतात आणि त्यांचं टोक मॅटला एका बिंदूपुरतंच टेकतं. ५०० व्होल्टचा मेगरही यासाठी नाही. त्यासाठी १० आणि १०० व्होल्टवर मोजणारा सरफेस रेझिस्टन्स मीटर लागतो. त्याच्यासोबत सुमारे २.२७ किलो वजनाचे, ६३.५ मिलिमीटर व्यासाचे गोल इलेक्ट्रोड येतात. छोट्या दुकानाला तो विकत घेणं परवडत नसेल, तर दोन-चार दुकानांनी मिळून एक घेणं सोयीचं.

मल्टिमीटर मात्र वायर तपासायला उत्तम. मॅटची वायर दोन्ही बाजूंनी सोडवून मोजा: रेझिस्टर असेल तर १ मेगाओहमच्या आसपास, नसेल तर जवळपास शून्य यायला हवं. काहीच न दाखवलं तर वायर आतून तुटली आहे.

मॅट मोजताना वरचं सामान उचला, हात बाजूला ठेवा आणि तीन-चार ठिकाणी मोजा. जिथे रोज काम होतं ती मधली जागा सोडू नका. मग असा विचार करा:

• अर्थिंगपर्यंतचा आकडा मर्यादेत: तारीख घालून वहीत लिहा.
• आकडा जास्त: मॅट साफ करून, वाळवून पुन्हा मोजा. सुधारला तर दोष घाणीचा होता.
• साफ करूनही जास्त, पण टिचबटणापर्यंत थेट मोजल्यावर ठीक: दोष वायरचा किंवा सॉकेटचा.
• टिचबटणापर्यंतही जास्त, पण मॅटवरच्या दोन जागांमध्ये ठीक: बटण सैल किंवा गंजलेलं आहे. फक्त बटण बदला.
• दोन जागांमध्येही जास्त: मॅट संपली.
• आकडा १ मेगाओहमपेक्षा बराच कमी: मॅट ओली आहे का किंवा वरचा थर फाटून काळा थर उघडा पडलाय का ते बघा.

किती दिवसांनी तपासायचं, याची एकच मुदत एस२०.२० मध्ये दिलेली नाही. ती आपल्या कामानुसार आपणच ठरवून पाळायची. रोज नजर, तीन महिन्यांनी मोजमाप, हा छोट्या दुकानासाठी झेपणारा हिशेब आहे.

कधी बदलायची?

मॅटला छापील एक्सपायरी नसते. वय कितीही असो, वरच्या तपासणीत ती पास होत असेल तर फक्त जुनी दिसते म्हणून फेकू नका. उलट, नवी दिसणारी मॅट नापास झाली तर ठेवू नका. मीटर नसला तरी पुढच्या खुणा पुरेशा आहेत: कामाच्या जागी खोल काप, सोल्डरने जळून पडलेली भोकं, कडक होऊन वर वळलेल्या कडा, सुटे होत चाललेले थर, न निघणारा चिकट थर.

बदलताना काय लक्षात ठेवाल?

सोल्डरिंग जास्त असेल तर रबरी मॅट घ्या. व्हिनाइलपेक्षा ती उष्णता चांगली सहन करते. गुंडाळी आणली की एक दिवस सपाट पसरून ठेवा, मग स्टीलची पट्टी धरून धारदार कटरने कापा. टिचबटण कोपऱ्यात, कामाच्या जागेपासून दूर बसवा. दोन थरांच्या मॅटमध्ये ते आरपार जाऊन काळ्या थराला भिडलंच पाहिजे. सर्वात जास्त चूक इथेच होते. वायर जोडून पहिलं रीडिंग घ्या आणि तारखेसह मॅटच्या मागे मार्करने लिहा. पुढच्या प्रत्येक तपासणीत तोच आकडा तुलनेला उपयोगी पडेल. जुनी व्हिनाइल मॅट जाळू नका. पीव्हीसी जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाचा विषारी वायू निघतो.

मॅट काय करू शकत नाही?

प्लास्टिकची पिशवी, थर्माकोल, सेलोटेप, फोनचं कव्हर यांच्यावरचा चार्ज मॅटवर ठेवून जात नाही, कारण इन्सुलेटरमधून चार्ज वाहतच नाही. हे सगळं उघड्या बोर्डापासून निदान ३० सेंटिमीटर लांब ठेवा. आणि मॅट बोर्डासाठी असली तरी तुमच्या हातावरचा चार्ज काढायला मनगटी पट्टा लागतोच.

आज दुकान उघडाल तेव्हा मॅटचा कोपरा उचलून एवढंच पाहा: टिचबटणाला वायर आहे का, आणि तिचं दुसरं टोक कुठे जोडलंय? बऱ्याच ठिकाणी दुरुस्ती तिथूनच सुरू करावी लागते, आणि तिला एक पैसाही लागत नाही.