मिलिगन, स्पाइक

मिलिगन, स्पाइक : (१६ एप्रिल १९१८ – २७ फेब्रुवारी २००२). विनोदी लेखक, नट, कवी आणि जॅझवादक. मूळ नाव टेरेन्स ॲलन मिलिगन. बीबीसी रेडिओवरील ‘द गून शो’चा मुख्य लेखक म्हणून तो जगाला माहीत आहे. त्याला ब्रिटिश विनोदकार म्हणण्याचा प्रघात असला, तरी त्याचा जन्म अहमदनगरचा (आताचे अहिल्यानगर), वडील आयरिश, आई इंग्रज आणि १९६२ पासून खिशातला पासपोर्ट आयर्लंडचा. ज्या साम्राज्याच्या छावणीत तो वाढला, त्याच साम्राज्याच्या लष्कराची, साहेबांची आणि कागदी कारभाराची त्याने जन्मभर टिंगल केली. ती टिंगल बाहेरच्याची नव्हती, आतून सगळे पाहिलेल्याची होती.

वडील लिओ मिलिगन रॉयल आर्टिलरीत नोकरीला होते. त्यांना रंगमंचाचे वेड होते आणि छावणीतल्या करमणुकीच्या कार्यक्रमांत ते हौसेने नाचत-गात. आई फ्लॉरेन्स पियानो वाजवी. स्पाइकचे बालपण पुण्यात आणि नंतर रंगूनमध्ये गेले. पुण्याच्या ‘कॉन्व्हेंट ऑफ जीझस अँड मेरी’ या शाळेत तो शिकला. तिथल्या नाताळच्या नाटकात त्याला विदूषकाचे काम मिळाले होते. बाळ येशूच्या गव्हाणीपाशी विदूषकाने जायचे नाही, असे बजावले असतानाही आपण गर्दीतून वाट काढत पुढे घुसलो, अशी आठवण तो सांगे. लहानपणी तो हिंदुस्तानी सहज बोले.

ब्रिटिश सैन्यात खर्चकपात झाली, वडिलांची नोकरी संपली आणि १९३० च्या दशकाच्या आरंभी कुटुंब लंडनच्या दक्षिण भागात येऊन पडले. नोकरचाकर, ऊन आणि मोकळी मैदाने यांची सवय झालेल्या मुलाला तिथली थंडी, धुरकट हवा आणि कोंदट खोल्या कायमच्या खुपल्या. शिक्षण संपवून त्याने किरकोळ नोकऱ्या केल्या. संध्याकाळी तो नाचगाण्याच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवी आणि बिंग क्रॉस्बीच्या ढंगात गाई. ‘स्पाइक’ हे नाव त्याने अमेरिकन बँडवाला स्पाइक जोन्स याच्यावरून घेतले.

१९४० मध्ये तो तोफखान्यात भरती झाला. आधी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील बेक्सहिल, मग उत्तर आफ्रिका आणि इटली असा त्याचा प्रवास झाला. ट्युनिशियाच्या आघाडीवर त्याच्या तुकडीची एक अवजड हॉवित्झर तोफ नीट रोवलेली नसल्याने धक्क्यासरशी मागे सरकली आणि उंचवट्यावरून थेट खाली कोसळली. खाली एका ट्रकमध्ये हॅरी सीकम नावाचा वेल्श शिपाई बसला होता. थोड्या वेळाने एक डोके आत डोकावले आणि इथे कुठे तोफ दिसली का, अशी चौकशी करू लागले. ते मिलिगनचे होते. दोघांनीही हा किस्सा आयुष्यभर रंगवून सांगितला. पुढच्या गून शोमधल्या कुठल्याही प्रसंगाइतकाच तो चपखल आहे, म्हणून त्याच्या तपशिलावर किती विश्वास ठेवायचा हे वाचकाने ठरवावे.

जानेवारी १९४४ मध्ये, मोंते कसीनोच्या लढाईच्या काळात, तो तोफगोळ्याच्या स्फोटात जखमी झाला. पायाची जखम भरली. मन सावरले नाही. हात थरथरत, बोलताना अडखळे, आवाज झाला की रडू फुटे. सहानुभूती मिळण्याऐवजी वरिष्ठाने त्याची लहानशी बढतीही काढून घेतली. लढाईला नालायक ठरल्यावर त्याला मागच्या फळीतल्या कामांवर धाडले, आणि तिथेच तो सैनिकांच्या करमणुकीच्या पथकांत शिरला. युद्ध संपल्यावर बिल हॉल त्रिकुटात गिटार वाजवत आणि थट्टा करत त्याने इटलीत दौरे केले.

लंडनला परतल्यावर ‘ग्राफ्टन आर्म्स’ या पबमध्ये सीकम, पीटर सेलर्स आणि मायकेल बेंटीन यांच्याशी त्याचा अड्डा जमला. पबचा मालक जिमी ग्राफ्टन स्वतः रेडिओसाठी लिहीत असे. या अड्ड्यातून २८ मे १९५१ रोजी ‘क्रेझी पीपल’ हा कार्यक्रम बीबीसीवर सुरू झाला; पुढच्या वर्षी त्याचे नाव ‘द गून शो’ झाले. बेंटीन लवकरच बाहेर पडला. १९६० पर्यंत दहा मालिका, दोनशेहून अधिक भाग झाले आणि त्यांतले बहुतेक लेखन मिलिगनचे होते. लॅरी स्टीव्हन्स आणि एरिक साइक्स हे त्याचे प्रमुख सहलेखक.

त्याआधीचा रेडिओ-विनोद म्हणजे बहुधा मायक्रोफोनसमोर उभे राहून केलेली शाब्दिक चकमक. रेडिओवर काहीच दिसत नसल्यामुळे काहीही घडू शकते, हे मिलिगनला उमगले. ‘नेपोलियन्स पियानो’ या भागात पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातून पळवलेला पियानो इंग्लिश खाडीत तरंगवत घरी आणला जातो. दुसऱ्या एका भागात एकल्स हे पात्र किती वाजले हे कागदावर लिहून जवळ बाळगते. कुणी विचारले की कागद वाचून सांगते. युद्धकाळातल्या बेक्सहिलच्या अंधारात कुणी अज्ञात इसम लोकांवर पुडिंग फेकतो, अशीही एक कथा आहे; तिच्यातला काळोख आणि धास्ती मिलिगनने त्याच किनाऱ्यावर शिपाई म्हणून अनुभवली होती. आवाजांबाबत तो हट्टी होता. स्फोट, पावले, दारांची करकर हा त्याच्या लेखी पार्श्वभूमीचा मजकूर नव्हता, विनोदाचा अर्धा भार त्यावर असे. तंत्रज्ञ वैतागत, पण हवा तो आवाज मिळेपर्यंत तो सोडत नसे. ‘बीबीसी रेडिओफोनिक वर्कशॉप’ १९५८ मध्ये सुरू झाल्यावर मेजर ब्लडनॉकच्या पोटातल्या खळबळीचा आवाज तिथेच घडवला गेला.

हा ब्लडनॉक म्हणजे हिंदी सैन्यातून निवृत्त झालेला भ्याड, लाचखाऊ, सदैव पोट बिघडलेला अधिकारी. त्याला आवाज सेलर्सचा, पण ओळख मिलिगनच्या बालपणातली. एकल्स, मिनी बॅनिस्टर आणि मोरियार्टी ही पात्रे मिलिगन स्वतः करी. सीकमचा नेडी सीगून हा भाबडा नायक प्रत्येक कथेत फसवला जाई. लालकाका आणि बॅनर्जी हे दोन बाबूही अधूनमधून येत. त्यांच्या बोलण्याच्या नकलेवर हशा पिकवला जाई.

दर आठवड्याला अर्ध्या तासाचे लेखन करण्याची किंमत त्याने मोजली. १९५२ च्या अखेरीस त्याचा तोल पूर्ण सुटला. चाकू घेऊन तो सेलर्सच्या घरावर चालून गेला आणि त्याला मनोरुग्णालयात ठेवावे लागले. तिसऱ्या मालिकेतले बरेच भाग त्याच्याविना झाले. उन्माद आणि नैराश्य यांचे चक्र त्याला पुढे आयुष्यभर पुरले. या आजाराविषयी तो तेव्हाच्या रिवाजाविरुद्ध जाहीरपणे बोलला. मानसोपचारतज्ज्ञ अँथनी क्लेअर यांच्यासह त्याने १९९३ मध्ये नैराश्यावर पुस्तकही लिहिले.

रंगभूमीवर त्याचे नाव झाले ते ‘ओब्लोमोव’मुळे (१९६४). रशियन लेखक गोंचारोव्हच्या कादंबरीवरील हे गंभीर नाटक सुरुवातीला पडण्याच्या बेतात होते. मिलिगनने संहिता बाजूला सारली, प्रेक्षकांशी गप्पा मारल्या, रोज नवे काही घुसडले आणि नाटक ‘सन ऑफ ओब्लोमोव’ या नावाने धो धो चालले. जॉन अँट्रोबससह लिहिलेले ‘द बेडसिटिंग रूम’ हे अणुयुद्धानंतरच्या इंग्लंडचे नाटक. रिचर्ड लेस्टरने १९६९ मध्ये त्यावर चित्रपट काढला. दूरचित्रवाणीवरील ‘क्यू-५’ याच वर्षी आले. विनोदाला शेवटचा टोला हवाच, हा नियम त्यात मोडला होता. ‘माँटी पायथन’ या विनोदी चमूतील मंडळी ते पाहून हबकली, कारण आपण जे करू पाहतो ते याने आधीच केले होते; मग त्यांनी दिग्दर्शक इयन मॅक्नॉटन यालाच आपल्याकडे घेतले. ‘क्यू’च्या पुढच्या मालिका मात्र विस्कळीत आहेत. अंगाला रंग फासून त्याने वठवलेली ‘करी अँड चिप्स’मधली (१९६९) पाकिस्तानी-आयरिश कामगाराची भूमिका आज पाहवत नाही. वंशद्वेषाची खिल्ली उडवण्याचा हेतू होता असे म्हटले, तरी हशा बहुतेक वेळा त्या कामगारावरच होतो. सहा भागांनंतर ती मालिका बंद पडली.

पुस्तकांत त्याच्या युद्धस्मृतींचे सात खंड सर्वांत मोलाचे. पहिला ‘ॲडॉल्फ हिटलर : माय पार्ट इन हिज डाउनफॉल’ १९७१ मध्ये निघाला. त्यात थट्टा दाट आहे. इटलीतील जखमेचा खंड येईपर्यंत ती विरळ होते आणि भीती उघडी पडते. शेवटच्या खंडांत मजकूर पातळ झाला आहे. ‘पकून’ (१९६३) ही कादंबरी आयर्लंडच्या फाळणीवर : नवी सीमारेषा एका खेड्यातून जाते आणि स्मशान एका देशात, चर्च दुसऱ्या देशात पडते. मुलांसाठीच्या त्याच्या निरर्थक कविता इंग्लंडमध्ये अजून पाठ केल्या जातात.

राष्ट्रीयत्वाचा घोळ १९६० च्या दशकाच्या आरंभीचा. कायदे बदलल्यावर हिंदुस्थानात जन्मलेल्या या माजी सैनिकाला पासपोर्टसाठी राजनिष्ठेची शपथ घ्यायला सांगितले गेले. त्याने नकार दिला आणि वडिलांच्या नात्याने आयरिश नागरिकत्व घेतले. त्यामुळे २००१ मध्ये मिळालेली नाइट ही पदवी मानद ठरली. तेव्हाचे युवराज चार्ल्स त्याचे निस्सीम चाहते होते. १९९४ च्या एका पुरस्कार सोहळ्यात युवराजांचे प्रशंसापत्र वाचले जात असताना मिलिगनने थेट प्रक्षेपणात त्यांना शिवी हासडली आणि नंतर, आता नाइटपदाची आशा सोडावी का, अशी विचारणा त्यांना पाठवली.

प्राणी आणि झाडांसाठीही तो भांडला. लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्समधील ‘एल्फिन ओक’ या कोरीव बुंध्याची डागडुजी त्याने १९६० च्या दशकात करवून घेतली. १९७१ मध्ये एका कलाप्रदर्शनात मासे विजेच्या धक्क्याने मारले जाणार म्हणून त्याने हेवर्ड गॅलरीची काच फोडली. त्याची तीन लग्ने झाली.

ससेक्समधील राय येथील घरी तो वारला. विंचेल्सीच्या चर्चच्या आवारातील त्याच्या थडग्यावर, मी आजारी आहे हे सांगितले होते ना, अशा अर्थाचे वाक्य कोरायचे होते. धर्मप्रांताने इंग्रजीत ते मान्य केले नाही, म्हणून २००४ मध्ये ते आयरिश भाषेत कोरले गेले. गून शोच्या सुरुवातीच्या मालिकांचे ध्वनिमुद्रण फारसे उरलेले नाही. चौथ्या मालिकेतील काही संहिता १९५०च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा ध्वनिमुद्रित केल्या गेल्या, आणि श्रोत्यांना आज त्या भागांची ओळख होते ती या नव्या आवृत्त्यांतून.