भेंडी कोणत्या अक्षरावर चढते?

गाण्यांच्या भेंड्यांमध्ये हार-जीत गळ्यावर क्वचितच ठरते. ती ठरते अक्षरावर. 'म', 'क' किंवा 'त' आले तर बेसूर माणूसही एकापाठोपाठ एक गाणी काढून दाखवतो. 'ठ' किंवा 'ढ' आला की मात्र भलेभले गाणारे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. कल्याण-डोंबिवलीहून रोज मुंबई गाठणाऱ्या मंडळींना हा अनुभव नवा नाही. लोकलमधला तास-सव्वा तास, सोसायटीची कोजागिरी, सहलीची बस ही या खेळाची हक्काची ठिकाणे. अलीकडे त्यांत ठाणे-डोंबिवलीतील हौशी गायकांच्या कराओके मेळाव्यांची भर पडली आहे. भेंड्या आपल्या आणि कराओके जपानचा. पण शेवटच्या अक्षरावरून पुढचे गाणे शोधण्याचा नाद दोन्हीकडे आहे.

आधी आपली बाजू. खेळाचे मूळ श्लोकांच्या आणि कवितांच्या भेंड्यांत आहे. पाठांतर पक्के व्हावे म्हणून घराघरांत आणि शाळांत त्या खेळल्या जात. 'अंत्याक्षरी' हे नावच सांगते की शेवटचे अक्षर महत्त्वाचे. चित्रपटगीतांनी श्लोकांची जागा घेतली, 1989च्या 'मैंने प्यार किया'ने खेळाला थेट पडद्यावर नेले आणि 1993मध्ये झी टीव्हीवर सुरू झालेल्या अंताक्षरीने तो देशभराचा केला. मात्र त्या लाटेत खेळ जवळजवळ पूर्णपणे हिंदी झाला, हे मान्य केले पाहिजे.

मराठीत खेळायचे तर काही संकेत आधी ठरवावे लागतात. 'ळ'ने मराठीत शब्द सुरू होत नाही, म्हणून 'ळ' आल्यास 'ल' घ्यायचा. 'ण'च्या जागी 'न' चालतो. (जैनांचा णमोकार मंत्र प्राकृतात असल्याने 'ण'नेच सुरू होतो. एखाद्या जाणकाराने तो पुढे केला तर हरकत घेणाऱ्याची पंचाईत होईल.) शेवटी जोडाक्षर आले तर त्यातले शेवटचे व्यंजन धरायचे, म्हणजे 'पुन्हा'वरून 'ह'. काना-मात्रा आणि अनुस्वार सोडून द्यायचे. 'च', 'ज' आणि 'झ' यांचे मराठीत दोन-दोन उच्चार आहेत. 'चंद्र' आणि 'चांदणे' यांतला 'च' कानाला एक नाही. पण लिहिताना अक्षर एकच असल्याने दोन्ही चालतात. येथे आपण कानापेक्षा पाटीवर अधिक विश्वास ठेवतो.

अवघड अक्षरांसाठी शिदोरी जवळ हवी. 'ऐ'साठी 'साधी माणसं' (1965) या चित्रपटातील 'ऐरणीच्या देवा' आहे. जगदीश खेबुडकरांच्या या गीताला 'आनंदघन' या नावाने लता मंगेशकर यांनीच संगीत दिले होते. 'थ' आल्यास 'जगाच्या पाठीवर' (1960) मधील 'थकले रे नंदलाला' कामी येते. 'घ'साठी 'अमर भूपाळी' (1951) मधील 'घनश्याम सुंदरा' आणि 'वरदक्षिणा' (1962) मधील 'घन घन माला' ही दोन भक्कम गाणी आहेत. 'ढ' आल्यावर दादा कोंडके धावून येतात. 'ढगाला लागली कळ' माहीत नसलेला मराठी माणूस विरळा. 'ऋ'देखील निराश करत नाही, कारण 'देव दीनाघरी धावला' या नाटकातील 'ऋणानुबंधाच्या' हे कुमार गंधर्व आणि वाणी जयराम यांचे गीत आहे. 'ठ'साठी मात्र बहुतेकांना हिंदीकडेच वळावे लागते: 'नौजवान' (1951) मधील 'ठंडी हवाएँ' किंवा 'पाकीजा' (1972) मधील 'ठाडे रहियो'.

आता जपान. तेथील शब्दांच्या भेंड्यांना 'शिरितोरी' म्हणतात, म्हणजे शेपटी पकडणे. नियम आपल्यासारखेच, फक्त शब्द नामच असावा लागतो. पण एक अट जीवघेणी आहे. जपानीत शब्दाच्या शेवटी येणारा अनुनासिक 'न्' आपल्या अनुस्वाराच्या जवळचा आहे आणि त्याने एकही जपानी शब्द सुरू होत नाही. म्हणून 'न्'ने संपणारा शब्द जो उच्चारेल तो तिथेच हरतो. आपण 'ळ'ला पळवाट दिली, अनुस्वार सोडून दिला; त्यांनी त्याचाच फास केला. खेळ म्हणून त्यांची रीत अधिक चुरशीची आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. मुरलेले खेळाडू प्रतिस्पर्ध्यावर वारंवार 'रु' टाकतात, कारण अस्सल जपानी शब्द 'र'च्या बाराखडीने क्वचितच सुरू होतात.

हाच खेळ कराओकेच्या खोलीत गाण्यांच्या शीर्षकांवर खेळता येतो. उदाहरणार्थ, सायुरी इशिकावा यांचे 'त्सुगारु काइक्यो फुयुगेशिकी' (1977) 'कि'वर संपते. 'कि'वरून मासाओ सेन यांचे 'कितागुनी नो हारु' (1977) घ्यावे, तर ते नेमके 'रु'वर संपते. अडलेल्याला सोडवते ते अकिरा तेराओ यांचे 'रुबी नो युबिवा' (1981). त्याच्या 'वा'वरून मियुकी नाकाजिमा यांचे 'वाकारे उता' (1977) मिळते आणि साखळी 'ता'पाशी येते. क्यू साकामोतो यांचे 1961चे जगप्रसिद्ध 'उए ओ मुइते आरुको' जपानी लिपीत 'उ'ने सुरू होऊन 'उ'नेच संपते, त्यामुळे पुढच्याची सुटका नाही. केन्शी योनेझु यांचे 2018चे लाडके 'लेमन' मात्र या खेळात कुणी घेणार नाही. कारण उघड आहे.

मराठी वाचकाला गंमत वाटावी अशी गोष्ट पुढेच आहे. जपानमध्ये कराओकेच्या जाडजूड सूचीत गाणी शीर्षकाच्या पहिल्या ध्वनीनुसार लावलेली असत आणि तो क्रम असतो अ, इ, उ, ए, ओ; मग क, स, त, न, ह, म, य, र, व. ओळखीचा वाटला ना? बौद्ध भिक्षूंनी संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम लिपीचा अभ्यास केला, त्यातून आपली वर्णमाला तिकडे पोहोचली. 'च'च्या जागी 'स' आणि 'प'च्या जागी 'ह' दिसतो, कारण जुन्या जपानीत त्या ध्वनींचे उच्चार 'च' आणि 'प'च्या जवळचे होते.

यंत्राचा इतिहास थोडक्यात. 'कारा' म्हणजे रिकामा, 'ओके' हे ऑर्केस्ट्राचे लघुरूप. शिगेइची नेगिशी यांनी टोकियोत 1967मध्ये असे एक यंत्र केले होते. कोबेच्या दाइसुके इनोउए यांनी 1971मध्ये अकरा यंत्रे तयार करून मद्यगृहांना भाड्याने दिली, पण पेटंट घेतले नाही. जगभर पसरलेल्या उद्योगाच्या मानाने त्यांच्या हाती फारसे काही लागले नाही; 2004मध्ये इग नोबेलचा शांतता पुरस्कार तेवढा मिळाला.

आपल्या कराओके मेळाव्यांत मराठीची अडचण दुहेरी आहे. हिंदीच्या मानाने मराठी ट्रॅक कमी, आणि आहेत त्यांची पट्टी मूळ गायिकेची. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाला ती झेपत नाही. ट्रॅकची पट्टी आधीच उतरवून घ्यावी लागते. शिवाय शब्द पडद्यावर असल्याने पाठांतराची गरज उरत नाही. भेंड्यांत उलटे घडते, मुखड्यापुढे कुणी जातच नाही. दोन्हींमध्ये दुसरा आणि तिसरा अंतरा ओठांवर असलेली पिढी आज सत्तरीपुढे आहे. त्यांच्याकडून गाणी लिहून घ्यायची असतील तर साधी शंभर पानी वही पुरे. एका अक्षराला एक पान, गाण्यापुढे ते कोणत्या अक्षरावर संपते त्याची नोंद, आणि 'ठ'चे पान रिकामे राहिले तरी फाडू नये. खेळताना मोबाइल पिशवीत ठेवण्याची अट आधीच घालावी, नाहीतर 'ठ' आल्याबरोबर सगळ्यांच्या माना खाली जातात.